‘आता घरी न्या’ यानंतर



शहरातील मोठ्या रुग्णालयांतून एक वाक्य दररोज कोणाला ना कोणाला ऐकावे लागते. शस्त्रक्रिया झालेली असते, किरणोपचार झालेले असतात, औषधांच्या फेऱ्या संपलेल्या असतात आणि तरीही रोग हटलेला नसतो. मग डॉक्टर रुग्णाच्या मुलाला किंवा भावाला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगतात, "आता घरी न्या." सांगणाऱ्याच्या मनात निष्ठुरता नसते. बाहेर अनेक रुग्ण ताटकळत असतात आणि एक खाट रिकामी होण्यावर दुसऱ्या कोणाचा तरी जीव अवलंबून असतो. परंतु ऐकणाऱ्याला त्या तीन शब्दांचा अर्थ एकच कळतो, तो असा की, येथून पुढे आपल्याला कोणी नाही.

एस. टी.च्या मागच्या बाकावर रुग्णाला निजवून, मांडीवर क्ष-किरणांच्या फोटोंचे पाकीट धरून ते कुटुंब गावी परतते. गावातील माणसे भेटायला येतात, केळी व बिस्किटांचे पुडे उशाशी ठेवतात, उंबऱ्याशी उभी राहून हळहळतात आणि आपापल्या कामाला जातात. रात्र मात्र घरच्यांची असते. रुग्ण कण्हत असतो, सून उठून पाणी पाजते, मुलगा अंगणात येरझारा घालतो, नातवंडे पांघरुणाखाली जागी असतात. पाठीला जखम होऊ लागली आहे, पोट चार दिवस साफ झालेले नाही, तोंडात छाले आले आहेत. यांपैकी प्रत्येक गोष्टीवर साधा इलाज आहे. पण तो त्या घरात कोणाला ठाऊक नसतो, कारण तो सांगण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. अशा वेळी घर हाताला लागेल त्याचा आधार घेते. कोणी कोठल्याशा जडीबुटीवाल्याचे नाव सुचवतो, कोणी दूरच्या दवाखान्यातील नव्या औषधाविषयी सांगतो आणि उरलीसुरली जमीनही गहाण पडते. माणूस जातो तो जातोच, मागे राहिलेल्यांच्या डोक्यावर कर्ज असते, आणि त्याहून जड असा एक सल असतो की, आपण त्याच्यासाठी काहीच करू शकलो नाही.

करण्यासारखे काही उरले नाही, हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही, हे येथे प्रथम सांगितले पाहिजे. रोग बरा करण्यासारखे काही उरले नाही, एवढेच खरे असते. वैद्यकशास्त्राने हात टेकले असे जेथे वाटते, तेथूनच त्याची एक शाखा सुरू होते. तिला उपशामक शुश्रूषा किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. अखेरच्या काळातील रुग्णांसाठी चालवल्या जाणाऱ्या शुश्रूषागृहाला हॉस्पिस हे नाव आहे. ही शुश्रूषा मृत्यू लवकर यावा म्हणून नसते, तसाच तो यंत्रांच्या साहाय्याने लांबवावा म्हणूनही नसते. जेवढे दिवस आहेत तेवढे माणसाला माणूस म्हणून जगता यावेत आणि त्याच्या माणसांना त्या दिवसांत कोणाचा तरी हात धरता यावा, एवढाच तिचा हेतू असतो.

या विचाराला आजचे रूप आले ते इंग्लंडमधील सिसिली साँडर्स यांच्या कार्यामुळे. त्या मूळच्या परिचारिका. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटले, तेव्हा त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. तेथे त्यांना डेव्हिड टास्मा नावाचा वॉर्साहून आलेला एक ज्यू निर्वासित भेटला. त्याला कर्करोग झाला होता. लंडनमध्ये त्याचे रक्तानात्याचे कोणी नव्हते. आपले आयुष्य वाया गेले, आपली कसलीही खूण मागे राहणार नाही, हे त्याचे खरे दुःख होते. दोघे तासन् तास बोलत बसत आणि अशा माणसांसाठी निराळे घर असावे, ही कल्पना त्या बोलण्यातून आकाराला आली. १९४८ साली त्याचा अंत झाला. जाताना त्याने साँडर्सबाईंच्या नावे पाचशे पौंड ठेवले आणि त्या घरातली एक खिडकी आपली असावी अशी इच्छा व्यक्त केली. पुढे वैद्यकीय शिक्षण घेऊन त्या वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली दक्षिण लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. खिडकी आधी मिळाली होती, तिच्याभोवती घर उभे राहायला एकोणीस वर्षे लागली. आपली खूण राहणार नाही म्हणून तळमळणाऱ्या त्या निर्वासिताचे नाव आज जगभरच्या परिचारिकांना ठाऊक आहे.

साँडर्सबाईंनी शिकवलेली एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. मरणासन्न माणसाची वेदना एकपदरी नसते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हाडात शिरलेला रोग दुखतो हे खरेच. पण मुलीचे लग्न राहून गेले तेही दुखते, सावकाराचे देणे दुखते, भावाशी दहा वर्षे अबोला आहे तोही दुखतो आणि ‘माझ्याच वाट्याला हे का?’ हा प्रश्न तर सर्वांत खोल दुखतो. हे सारे पदर एकमेकांत इतके गुंतलेले असतात की, एकाच पदराला औषध देऊन भागत नाही. मात्र त्यांतही एक क्रम आहे व तो उलटा करून चालत नाही. ज्याला वेदनेने कूस पालटता येत नाही, त्याला जीवनाच्या अर्थाविषयी काही सांगू जाणे ही क्रूर थट्टा होय. आधी वेदना थांबली पाहिजे.

वेदना थांबवण्याचे साधन आपल्याच देशाच्या मातीत पिकते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांतील शेतकरी सरकारी परवान्याने अफूची लागवड करतात. नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. या अफूपासून मॉर्फिन बनते. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडावाटे दिले जाणारे मॉर्फिन हे जगन्मान्य औषध असून ते महागही नाही. तरीसुद्धा जगाच्या औषधांसाठी अफू पुरवणाऱ्या या देशातील रुग्ण वर्षानुवर्षे कण्हत राहिले. याचे एक कारण १९८५ सालच्या अमली पदार्थविरोधी कायद्यात होते. व्यसनाच्या व्यापाराला आळा घालण्याच्या रास्त हेतूने तो कायदा झाला. पण परवान्यांच्या जंजाळामुळे रुग्णालयांनी आणि औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. पुढील बारा-तेरा वर्षांत देशातील त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. डॉक्टरांची एक पिढी मॉर्फिनची बाटली न हाताळताच शिकून बाहेर पडली. २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून अत्यावश्यक अमली औषधांचा वेगळा वर्ग निर्माण केला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवण्याची वाट पुष्कळ सुकर केली. कायदा बदलला तरी मनातील भीती मात्र तितक्या लवकर बदलत नाही.

ही भीती दोन प्रकारची असते. मॉर्फिन दिले म्हणजे रुग्णाला व्यसन लागेल, ही पहिली. मॉर्फिन दिले म्हणजे शेवट आला, ही दुसरी. वेदना असलेल्या रुग्णाला मोजून-मापून, जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या औषधाने व्यसन लागण्याचा धोका अल्प असतो, असा अनुभव आहे. दुसऱ्या भीतीचे निराकरण तर रुग्ण स्वतःच करतात, कारण वेदना शमल्यावर कित्येक जण पुन्हा जेवू लागतात, झोपू लागतात, ओट्यावर येऊन बसतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली घालून दिलेला नियम साधा आहे. औषध शक्यतो तोंडावाटे द्यावे, घड्याळाच्या काट्याप्रमाणे द्यावे आणि वेदनेच्या पायरीनुसार वाढवावे. दुखू लागल्यावर द्यायचे नाही, दुखण्याआधी द्यायचे. मॉर्फिनबरोबर पोट साफ राहण्याचे औषध पहिल्या दिवसापासून द्यावे लागते. एवढी साधी गोष्ट न सांगितल्यामुळे अनेक घरांतून औषध मध्येच बंद केले जाते आणि वेदना परत येते.

भारतातील पहिले हॉस्पिस महाराष्ट्रातच उभे राहिले, याचा येथे उल्लेख करणे उचित होईल. कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. लुईस जोस डिसूझा यांच्या पुढाकाराने १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे ‘शांती अवेदना सदन’ सुरू झाले. अवेदना म्हणजे वेदनेचा अभाव. तेथील शुश्रूषेचा मोबदला घेतला जात नाही आणि रुग्णाचा धर्म, जात वा ऐपत विचारली जात नाही. या संस्थेचे कार्य पुढे गोवा आणि दिल्ली येथेही पोहोचले. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला प्रतिष्ठानचे उपशामक केंद्र चालते. त्याचा विशेष असा की, तेथे नातेवाइकाने रुग्णाजवळ राहून शुश्रूषा शिकावी आणि वेदना आटोक्यात आल्यावर रुग्णाला घेऊन घरी जावे, यावर भर असतो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातही यासाठी स्वतंत्र विभाग आहे.

असे असले तरी, अशा संस्थांच्या खाटा मोजक्या असतात आणि गावे असंख्य. शिवाय बहुतेकांना अखेरचे दिवस आपल्या घरी, आपल्या माणसांत, ओळखीच्या छपराकडे पाहत काढावेसे वाटतात. तेव्हा खाटा किती वाढवाव्यात हा प्रश्न गौण ठरतो. ‘घरी न्या’ असे सांगितल्यावर त्या घरापर्यंत कोण पोहोचणार, हा मुख्य प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर केरळमध्ये सामान्य माणसांनी शोधले. १९९३ साली कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनानिवारणासाठी एक संस्था स्थापन केली. बाह्यरुग्ण विभागातील काम वाढत गेले, पण जे अंथरुणाला खिळले आहेत ते येथवर येऊच शकत नाहीत, हे लवकरच ध्यानात आले. मग या शतकाच्या आरंभी मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यांचे जाळे विणण्यास सुरुवात झाली. आठवड्यातून किमान दोन तास देऊ शकेल अशा कोणालाही त्यात प्रवेश होता. शेतकरी, शिक्षक, दुकानदार, रिक्षाचालक, गृहिणी, विद्यार्थी असे सगळे त्यात आले. सोळा तासांचे शिक्षण आणि नंतर चार दिवस प्रत्यक्ष रुग्णांकडे जाऊन अनुभव, एवढी त्यांची तयारी. औषधाचा निर्णय डॉक्टरांचा, जखमेची देखभाल परिचारिकेची, आणि बाकी सारे शेजाऱ्यांचे. हे ‘बाकी सारे’ मोठे होते. रुग्णाच्या घरी चूल पेटते की नाही हे पाहणे, तांदळाची पिशवी पोचवणे, मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च उचलणे, बसून गप्पा मारणे, रात्री थकलेल्या बाईला दोन तास झोपू देणे. पैसा बहुतांशी लहान लहान देणग्यांतून उभा राहिला.

सरकार यात मागाहून आले, पण भरीव रीतीने आले. २००८ साली केरळ शासनाने उपशामक शुश्रूषेचे धोरण जाहीर केले. असे धोरण करणारे ते देशातील पहिले राज्य. ग्रामपंचायतींनी आपल्या नियोजनात या कामासाठी तरतूद करावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडलेल्या प्रशिक्षित परिचारिकेने घरोघर जावे, अशी व्यवस्था त्यातून उभी राहिली. रस्ता, दिवाबत्ती आणि नळपाणी योजना यांच्या बरोबरीने अंथरुणावरचा माणूसही पंचायतीच्या अंदाजपत्रकात आला. पंचायत सदस्यांनी विचारात घ्यावी अशी ही गोष्ट आहे. पंचायतीच्या दप्तरात जन्माची नोंद असते, मृत्यूची असते, पण मरणाच्या वाटेवर असलेल्या जिवंत माणसाची नोंद कोठल्याच वहीत नसते. केरळने ती वही उघडली.

केंद्र शासनाने २०१२ साली उपशामक शुश्रूषेचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २०१८ पासून आकाराला आलेल्या आरोग्य केंद्रांच्या, म्हणजेच आजच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या, बारा सेवांमध्ये वृद्धांच्या सेवेबरोबर हिचाही समावेश झाला आहे. म्हणजे योजना कागदावर गावापर्यंत आली आहे. आशा कार्यकर्तीला कोणत्या घरात कोण अंथरुणावर आहे हे ठाऊक असते, आरोग्य अधिकारी उपकेंद्रात असतात. या दोघांमध्ये गावाचा दुवा हवा आणि तो वरून आदेश काढून तयार होत नाही.

अशा घरात पाऊल टाकणाऱ्याने काय करावे? पुष्कळसे काम हातांचे आहे. दर दोन तासांनी कूस पालटावी, चादरीला सुरकुती राहू देऊ नये, तोंड मऊ ओल्या कापडाने पुसावे, ओठ कोरडे पडू देऊ नयेत. ही कामे बहुधा घरातली एकच बाई करत असते, आणि तिच्या जेवणाखाण्याची, झोपेची चौकशी कोणी करत नाही. भेटायला येणाऱ्याने फळे आणण्यापेक्षा ‘मी येथे बसतो, वहिनी, तुम्ही जरा पडा’ असे म्हटले, तर ती मदत कितीतरी मोलाची ठरेल.

सर्वांत मोठा वाद अन्नावरून होतो. रुग्ण खात नाही म्हणून घर कासावीस होते. आई चमच्याने पेज भरवू पाहते, तो मान फिरवतो, ती रडते, मुलगा रागावतो. आपल्या समाजात भरवणे हीच मायेची भाषा आहे. म्हणून घास नाकारला की, माया नाकारल्यासारखे वाटते. वस्तुतः अखेरच्या दिवसांत शरीराची अन्नाची मागणीच मंदावते. तो खात नाही म्हणून जात नसतो, तो जात असतो म्हणून खात नसतो. हे कोणी शांतपणे समजावून दिले, तर त्या घरातला निम्मा कलह मिटतो. मग बळजबरी थांबते, जिभेला आवडीच्या सरबताचे दोन थेंब लावले जातात आणि तेवढ्यानेही दोघांचे समाधान होते.

दुसरी गाठ सत्याची असते. ‘त्यांना काही सांगू नका, ते खचून जातील,’ असे नातेवाईक डॉक्टरांना विनवतात. तिकडे रुग्णही परिचारिकेला तेच सांगतो, ‘मला कळले आहे, पण घरच्यांना सांगू नका.’ दोघेही एकमेकांसाठी नाटक करतात, आणि बोलायचे ते राहून जाते. यावर कोणी धाडकन् सत्य सांगून टाकावे, असा याचा अर्थ नव्हे. रुग्णाला काय ठाऊक आहे आणि त्याला किती जाणून घ्यावेसे वाटते, हे आधी विचारावे, आणि त्याने मागितले तेवढेच, त्याच्या गतीने सांगावे. सत्य कळलेला माणूस पुष्कळदा खचत नाही. तो कामाला लागतो.

आणि ‘अर्थ’ म्हणतात तो येथेच सापडतो. तो प्रवचनातून सापडतो असे दिसत नाही. ‘हे पूर्वजन्मीचे भोग आहेत’ असे उशाशी बसून सांगणारे गावात कमी नसतात. त्यांचा हेतू सांत्वनाचा असतो हे खरे, पण ऐकणाऱ्याच्या वाट्याला दुखण्याबरोबर अपराधही येतो. ज्याची श्रद्धा आहे त्याला त्याचा हरिपाठ, त्याची नमाज, त्याची वंदना मिळाली पाहिजे. तो त्याचा हक्क आहे. परंतु दुसऱ्याच्या आयुष्याचा अर्थ आपण सांगू नये, तो त्याला विचारावा. कॅनडातील मानसरोगतज्ज्ञ डॉ. हार्वी चोचिनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक सोपी पद्धत रूढ केली असून तिच्यावरील त्यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यातील कोणता काळ जिवंत वाटतो, कोणत्या कामाचा अभिमान आहे, मुलांना काय सांगायचे आहे, असे प्रश्न रुग्णाला विचारायचे, तो जे सांगेल ते ध्वनिमुद्रित करून लिहून काढायचे, त्याला वाचून दाखवायचे आणि त्याच्या पसंतीनंतर ते कुटुंबासाठी त्याच्या हवाली करायचे. टास्माला जी खिडकी हवी होती, ती शब्दांची असू शकते, हे या पद्धतीचे सार म्हणता येईल.

याला मानसरोगतज्ज्ञच हवा असे नाही. वही आणि धीर असलेला शिक्षक गावोगाव असतो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली एखादी आजी त्या कामावरच्या दिवसांचे जे सांगेल, ते तिच्या नातीने कोठल्याही पुस्तकात वाचलेले नसेल. विहिरीला पाणी कोठल्या झऱ्याने येते, कोठल्या बांधावरून वाद झाला आणि तो कसा मिटला, कोणी अडचणीच्या वेळी बियाणे दिले होते, हे एखाद्या शेतकऱ्याने सांगितले, तर ते त्याच्या मुलाला सातबाराच्या उताऱ्याइतकेच उपयोगी पडेल. सांगणाऱ्याला त्या घटकेला आपण घराचा भार नाही, घराला अजून काही देत आहोत, असे वाटते. सेवाग्रामच्या आश्रमात परचुरे शास्त्रींना महात्माजींनी आपल्या कुटीजवळ जागा दिली होती आणि ते स्वतःच्या हातांनी त्यांच्या कुष्ठरोगाने पोखरलेल्या अंगाला मालीश करीत. त्या काळी त्या रोगावर आजच्यासारखे खात्रीचे औषध नव्हते. समाजाने स्पर्शही नाकारलेल्या त्या संस्कृत पंडिताला अन्नपाण्याइतकीच गरज होती ती आपण अजून माणसांत आहोत या प्रत्ययाची.

अधिकारी वर्गाच्या हाती असलेले काम याहून रुक्ष दिसते, पण घराला धीर देण्यात ते मुळीच कमी नाही. जाणारा माणूस शुद्धीवर असतानाच त्याचे कागद नीट झाले, तर मागे राहिलेल्यांची वर्षे वाचतात. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, त्याची नोंदणी सक्तीची नाही. ती करायचीच असेल आणि माणूस अंथरुणावर असेल, तर विशेष कारण म्हणून दुय्यम निबंधक त्याच्या घरी येऊ शकतात, अशी तरतूद नोंदणी कायद्यात आहे. बँकेच्या खात्यावर वारसाचे नाव आहे की नाही हे एका फेरीत कळते. कर्करोगासारख्या आजाराने निराधार झालेल्यांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली अर्ज करता येतो. पण तो अर्ज बहुधा माणूस गेल्यावर कोणाच्या तरी लक्षात येतो. तलाठ्याने वा ग्रामसेवकाने एकदा त्या घरी जाऊन तासभर बसावे. एरवी त्याच घरातील विधवेला सहा महिने कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

याच संदर्भात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ सालच्या निकालाची माहिती पंचायतींना असणे इष्ट आहे. बरे होण्याची आशा उरली नसताना कृत्रिम साधनांनी आपले आयुष्य लांबवू नये, अशी इच्छा सज्ञान व्यक्तीला आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार या निकालाने मान्य केला. २०२३ साली न्यायालयाने त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ते लेखी करता येते, आणि त्याची प्रत महापालिका, नगरपालिका वा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. गोव्यात २०२४ साली त्या वेळचे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे असे इच्छापत्र नोंदवले. ज्या मुलाला अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे राहून बापाविषयी निर्णय द्यावा लागतो, त्याच्या खांद्यावरचा केवढा भार हा एक कागद उतरवतो, हे त्या दाराशी उभे राहिलेल्यांनाच कळेल.

यानंतर मृत्यू येतो आणि गाव एकदम धावून येते. तेरा दिवस घर माणसांनी भरलेले असते. चौदाव्या दिवशी ते रिकामे होते. उपशामक शुश्रूषेत घराला भेट देण्याचे काम मृत्यूबरोबर संपत नाही, ते पुढे काही महिने चालते, याचे कारण हा चौदावा दिवस आहे. ज्या बाईचे दिवसरात्र औषधाच्या वेळांनी बांधलेले होते, तिचे हात अकस्मात रिकामे होतात. त्यात तिच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे हे विधी आजही कित्येक ठिकाणी चालतात. जिने वर्षभर त्या माणसाची सेवा केली, तिलाच अशुभ ठरवायचे! कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव करून हे विधी बंद करण्याचा निर्णय घेतला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे, असे परिपत्रक काढले. ठराव झाला म्हणजे रूढी गेली असे होत नाही, हे ग्रामसभेत बसणारा प्रत्येक जण जाणतो. तथापि, मयताच्या घरी जमलेल्या बायकांत एखादी पुढे होऊन ‘आपल्या गावात हे करत नाहीत’ असे म्हणू शकते, ते त्या ठरावाच्या बळावर.

आणखी एक लहानशी वही प्रत्येक ग्रामपंचायतीत ठेवता येईल. हवेची गादी, चाकाची खुर्ची, मागची बाजू उचलता येणारी खाट, शौचाचे भांडे या वस्तू एका घराला विकत घेणे जड जाते आणि त्यांची गरज चार-सहा महिन्यांपुरतीच असते. पंचायतीने त्या एकदा घेऊन कोणत्या तारखेला कोणाच्या घरी दिल्या, कधी परत आल्या, एवढे लिहावे. गादी परत आणायला घरातला मुलगा येतो, तेव्हा त्याला लगेच वाटेला लावू नये. केरळच्या जाळ्यातील कित्येक स्वयंसेवक असेच आलेले आहेत. ते पहिल्यांदा आले होते ते वापरून झालेली वस्तू परत करायला. त्या मुलाला चहा द्यावा, आईचे कसे चालले आहे ते विचारावे आणि गादी आता कोणत्या घरी न्यायची आहे, तेही सांगावे. बहुधा तो ती स्वतःच उचलून तिकडे नेईल, आणि कूस कशी पालटायची ते त्या घरच्यांना दाखवूनही येईल.